दूध डेअरीला, बिस्किट पोराला

(निघोजे, ता. खेड, जि. पुणे येथे कोरडवाहू भागातून आलेल्या शेतकरी कुटुंबांसमोर केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी.)



आज इथे बसलेल्यांत चाकणचे, खेडचे लोक थोडे आहेत. जास्त आहेत ते यवतमाळ, वाशिम, हिंगोली, परभणी, बीड, जळगावकडचे. बापाचं कापसाचं रान तिकडे आणि पोरगा इथे निघोजे गावात, पत्र्याच्या खोलीत, कंपनीच्या तीन पाळ्यांत. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या शिवारात बाजरी, ज्वारी, हरभरा होता. आज गाड्या बनवण्याचे कारखाने आहेत. खालून इंद्रायणी वाहते, तिचं पाणी आता जनावरही पीत नाही. असो. तो विषय वेगळा.

चाकणला भावाचं बोलायला लाज वाटायचं कारण नाही. १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी याच रस्त्यावर बसला होता. भावाचं आज आम्हीही बोलणार आहोत, पण थोडं उशिरा. आधी बोलणार आहोत पोरांच्या खाऊचं. शाळेचा डबा, मधल्या सुट्टीतलं खाणं, चार वाजता दप्तर फेकल्या फेकल्या पोर ज्यासाठी आईच्या मागे लागतं ते. हा बायकांचा विषय आहे असं समजून जे पुरुष तंबाखू मळायला बाहेर निघाले असतील त्यांनी खाली बसावं. यात हिशेब आहे, आणि हिशेब म्हटलं की पुरुषांना आपलं काम वाटतं.

आपल्या गावातली सकाळ डोळ्यांसमोर आणा. पाच वाजता घरची बाई उठते, शेण काढते, म्हशीला पेंड घालते, धार काढते. सहा वाजता किटली घेऊन कोणीतरी डेअरीवर. मापाला लागायचं, फॅट किती लागली, एसएनएफ किती लागली, चिठ्ठी खिशात. घरी काय राहिलं? चहापुरतं. त्या चहात पोराला दोन बिस्किटं बुडवून दिली की झाली न्याहारी. शाळेत जाताना हातावर पाच रुपये, त्याचा येतो फुगलेला पुडा. आत मूठभर कुरकुरीत काहीतरी, बाकी हवा. ज्या घरातून रोज चार लिटर दूध बाहेर जातं, त्या घरातल्या पोराच्या पोटात दुधाचा थेंब जातो तो फक्त चहाच्या रंगापुरता.

देशाचा आकडा बघा. १९९८ पासून दुधात आपला देश जगात पहिला. २०२२-२३ साली देशात सुमारे २३ कोटी टन दूध निघालं. माणशी वाटणी केली तर दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या वर येतं. आता दुसरा आकडा बघा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची १०० पोरं मोजली तर त्यांतली ३५ वयाच्या मानाने खुजी निघाली, ३६ वजनाला कमी, आणि २५ च्या वर उंचीच्या मानाने हडकुळी. त्याच्या आधीच्या पाहणीतही आकडे जवळजवळ हेच होते. दूध वाढलं, डेअऱ्या वाढल्या, चिलिंग सेंटरं वाढली. पोरं होती तेवढीच राहिली.

आमच्याकडे लोक म्हणतात, "आमचा वंशच बुटका आहे हो." आम्ही शेतकीची पदवी घेतली, म्हणून आम्हाला हे उत्तर पटत नाही. हायब्रीड बियाणं आणून मुरमाड रानात पेरलं, पाणी नाही, खत नाही, आणि पीक गुडघ्याएवढं राहिलं, तर तुम्ही बियाण्याचा वंश काढता का? काही घराणी उंच असतात, काही बुटकी, हे खरं. पण पाच वर्षांच्या आत पोराची जी वाढ व्हायची ती कोणत्याही घराण्यात बऱ्यापैकी सारखी होते, जर पोटात पुरेसं गेलं आणि पोर वारंवार आजारी पडलं नाही तर. खुजेपणा घराण्यातून येतो तेवढा ताटातून येतो, हगवणीतून येतो, आईच्या उपासमारीतून येतो.

आता ताटाचं बघू. आपलं मुख्य अन्न ज्वारी. ज्वारीला कोणी नावं ठेवू नयेत. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आहेत, लोह आहे, चोथा आहे. मग कमी काय पडतं? प्रथिन ही एकच वस्तू नाही. ते वीस-एक प्रकारच्या घटकांच्या साखळीने बनतं. त्यातला लायसिन नावाचा घटक ज्वारीत फार कमी. तुम्ही जमिनीचं परीक्षण करता तेव्हा काय कळतं? नत्र भरपूर टाकलं, स्फुरद टाकलं, पण जस्त कमी असेल तर पीक जस्ताच्या मापानेच वाढतं, उरलेलं नत्र वाया. ज्वारीचं प्रथिन पोराच्या अंगी लागतं ते लायसिनच्या मापाने. आणि दुधात लायसिन भरपूर. डाळीत, हरभऱ्यातही ते आहे. म्हणजे भाकरी आणि दूध एकत्र आले की भाकरीतलं जे वाया जात होतं तेही कामाला येतं. ताकातल्या कण्या, दूधभाकरीचा काला, ज्वारीची आंबील हे ज्यांनी पहिल्यांदा केलं त्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण शेताची पारख होती.

दुसरी उणीव कॅल्शियमची. शंभर ग्रॅम ज्वारीत ते पंचवीस-तीस मिलिग्रॅम. पॉलिश केलेल्या तांदळात त्याहूनही कमी. गाईच्या शंभर मिलिलिटर दुधात ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हशीच्या दुधात आणखी जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या पोराला दिवसाला ५५० मिलिग्रॅम लागतं, सात ते नऊच्याला ६५०. म्हणजे एक फुलपात्र दूध, दोनशे मिलिलिटर, यात दिवसाच्या गरजेचा चाळीस टक्क्यांच्या आसपास हिस्सा निघतो. पोषणवाल्यांच्या तक्त्यात मुलांना अर्धा लिटर सांगितलं होतं. अर्धा लिटर मिळालं तर उत्तमच. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आम्ही एक फुलपात्रच मागतो, म्हणजे नाही म्हणायला जागा राहणार नाही.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. याचे प्लॉट टाकून झालेले आहेत, जसे आपण खताचे टाकतो. १९२६ साली इंग्लंडमध्ये कोरी मान नावाच्या डॉक्टरांनी लंडनजवळच्या एका मुलांच्या वसतिगृहातला प्रयोग छापला. सगळ्या मुलांना पोटभर जेवण होतं, कोणी उपाशी नव्हतं. एका गटाला वरून रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरच्या थोडं वर, दूध दिलं. वर्षात साध्या जेवणावरच्या मुलांचं वजन पावणेदोन किलोने वाढलं, दूधवाल्यांचं तीन किलोच्या वर. उंची साध्यांची पावणेदोन इंचांच्या थोडी वर, दूधवाल्यांची अडीच इंचांच्या वर. ध्यानात ठेवायचं ते पुढे आहे. दुसऱ्या एका गटाला दुधाऐवजी साखर जादा दिली होती. ती मुलं दूधवाल्यांच्या जवळपासही आली नाहीत. आपण चहा-बिस्किटात पोरांना जे देतो ते त्या साखरेच्या गटाचं खाणं आहे.

तिथले लोक पुढे काय करते झाले? पुढच्या दोन-चार वर्षांत स्कॉटलंडमध्ये जॉन बॉइड ऑर यांनी शाळाशाळांतून दूध देऊन तेच दाखवलं. १९३४ साली इंग्लंडच्या सरकारने शाळेत स्वस्त दूध सुरू केलं. तेव्हा तिकडे दुधाचा भाव कोसळला होता आणि दुधाचं काय करायचं हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता. पोरांचं पोट आणि शेतकऱ्याचा भाव हे दोन्ही एकाच बाटलीत त्यांनी बसवलं. १९४६ पासून ते दूध फुकट झालं.

दुसरा प्रयोग आपल्यासारख्याच गरीब कोरडवाहू लोकांचा, केनियातल्या एंबू भागातला, १९९८ ते २००० या वर्षांतला. तिथली पोरं मका आणि घेवड्याची उसळ खातात. शाळेत मधल्या सुट्टीत एका गटाला ती उसळ मांस घालून दिली, एकाला दूध जोडून, एकाला तेल वाढवून, आणि एका गटाला काहीच नाही. दूधवाल्या गटात लहान आणि आधीच खुजी असलेली पोरं इतरांपेक्षा जास्त उंच झाली. बुद्धीच्या चाचणीत मात्र मांसवाला गट पुढे गेला. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण दुधाचं भजन करायला आम्ही इथे आलेलो नाही. दुधात लोह जवळजवळ नाही. नुसत्या दुधावर ठेवलेलं पोर पांढरं पडतं. आपल्या राज्यात पाच वर्षांखालच्या दर तीन पोरांपैकी दोन रक्तक्षयाची निघाली आहेत. म्हणून दुधाबरोबर अंडं, हिरव्या पालेभाज्या, शेंगा, हरभरा, वर लिंबू, आणि जे खातात त्यांनी मटण-मासळी हे पाहिजेच. दूध भाकरीच्या जोडीला द्यायचं, भाकरीच्या बदली नाही.

मग घरात दूध असून पोराला का मिळत नाही? शहरातले शहाणे म्हणतील, अडाणी आहेत, पैशाच्या मागे लागलेत. हा वाद जुना आहे. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, युरोपातून फुकट आलेली दूधपावडर आणि लोण्याचं तेल विकून तिचं भांडवल उभं राहिलं. १९८३ साली क्लॉड अल्वारिस यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त तिच्यावर सडकून टीका केली. खेड्यातलं दूध शहरात ओढून नेलं, खेड्यातली पोरं कोरडी ठेवली, असा त्यांचा रोख होता. कुरियनसाहेबांच्या बाजूचे म्हणाले, शेतकऱ्याच्या हातात पैसा गेला, पैशाने तो हवं ते खाईल. आम्हाला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. पैसा हातात आला हे खरं. पण तो पैसा कशाला लागतो ते विचारा.

कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि कृषी केंद्राची उधारी, सोसायटी, लग्नकार्य यांतून खाली उरत नाही. घरात दर दहा दिवसांनी रोख येते ती फक्त दुधाची. तेल, मीठ, चहापत्ती, दवाखाना, शाळेची वही, मोबाईलचं रिचार्ज, सगळं त्या चिठ्ठीवर. आता दर पडला की बाई काय करते? चिठ्ठीचा आकडा तेवढाच राहावा म्हणून घरचं दूध आधी तोडते. २०२३ च्या सुरुवातीला गाईच्या दुधाला पस्तीसच्या पुढे भाव होता, वर्ष संपेपर्यंत तो सव्वीस-सत्तावीसवर आला. आंदोलनं झाली, मग जानेवारी २०२४ मध्ये सरकारने लिटरला पाच रुपये अनुदान जाहीर केलं. त्याआधी २०१८ च्या जुलैतही रस्त्यावर उतरल्यावरच पंचवीस रुपयांचा आकडा कागदावर आला होता. भाव पडल्याच्या बातम्यांत डेअरीचं नुकसान छापून येतं, शेतकऱ्याचं येतं. त्या महिन्यांत किती पोरांचं फुलपात्र रिकामं राहिलं हे कोणी छापत नाही, कारण कोणी मोजत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, दुधाचा भाव हा पोराच्या उंचीचा प्रश्न आहे.

पण म्हणून भाव मिळेपर्यंत थांबायचं का? हिशेब करा. दोन पोरं, प्रत्येकी एक फुलपात्र, चहाचं धरून अर्धा लिटर. तीस रुपये लिटर धरला तर दिवसाचे पंधरा रुपये चिठ्ठीतून कमी होतात. त्याच दोन पोरांच्या हातावर आपण पाच-पाच रुपये ठेवतो, दहा गेले. घरात बिस्किटाचा पुडा येतो तो वेगळा. म्हणजे वरचा खरा खर्च होतो पाच रुपये, काही घरांत तोही नाही. आपण पंधरा रुपयांचं दूध विकतो आणि दहा-पंधरा रुपयांचा मैदा, साखर आणि पामतेल विकत घेतो. आणि दुधाची पिशवी ज्या शहरात जाते, त्याच शहरातून तो पुडा आपल्या गावच्या दुकानात येतो.

इथे निघोजे गावात खोलीवर राहणाऱ्या पोरांचा हिशेब आणखी गमतीचा आहे. बाप तिकडे अर्धा लिटर पंधरा रुपयांना घालतो. लेक इथे अर्ध्या लिटरची पिशवी जवळजवळ दुपटीने घेतो. मधलं अंतर कोण खातं याचा शोध ज्यांना घ्यायचा त्यांनी घ्यावा. वाहतूक, थंड ठेवणं, पिशवी, कमिशन यांचा खर्च असतो, तो आम्हाला मान्य आहे. एवढा असतो का, हे मान्य नाही.

खोलीवरच्या सुनांना आम्ही एवढंच सांगू. महाग, जास्त साईवालं दूधच चांगलं असं काही नाही. टोन्ड दुधात स्निग्धांश कमी, पण प्रथिन आणि कॅल्शियम तेवढंच. फ्रीज नसेल तर पिशवी उकळा, एक वाटी पोराला द्या, उरलेल्याला रात्री विरजण लावा. सकाळी पहिल्या पाळीला जायच्या घाईत दहीभाकरी किंवा दहीपोहे कालवायला पाच मिनिटं लागतात. आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींच्या नादाला लागू नका. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने असल्या पावडरी 'आरोग्य पेय' म्हणून विकू नका, असं ऑनलाइन विकणाऱ्यांना बजावलं आहे. जाहिरातीतलं पोर उंच असतं, कारण ते उंच बघूनच निवडलेलं असतं.

गावाकडच्यांना काय द्यायचं हे आम्ही शिकवावं असं नाही. मायबहिणींना ते आमच्यापेक्षा जास्त येतं, फक्त मागे पडलं आहे. ज्वारीच्या लाह्या दुधात. लाह्यांचं पीठ ताकात कालवून मीठ-जिरं. ताकातल्या कण्या. भाकरीचा मलिदा, तूप-गूळ घालून. थालीपिठावर घरचं लोणी. हुरड्याच्या दिवसांत हुरडा आणि दही. नाचणीची खीर, कारण नाचणीत स्वतःचंच कॅल्शियम ज्वारीच्या दहापटीहून जास्त आहे. म्हैस व्याली की खरवस, तो शेजारी वाटायच्या आधी घरच्या पोरांना. ज्यांच्याकडे जनावरच नाही त्यांनी तीळ-शेंगदाण्याचा गूळ घातलेला लाडू, शेवग्याचा पाला, फुटाणे यांवर जोर द्यावा. तिळात कॅल्शियम भरपूर आहे. दूध नाही म्हणून पोर वाढणारच नाही असं कोणी समजू नये.

काही सूचना मात्र कडक आहेत. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध पाजायचं नाही, त्याने पोराचं रक्त कमी होतं. सहा महिन्यांनंतर वरच्या खाण्यात चमचाभर दही चालतं. दूध उकळूनच, कारण कच्च्या दुधातून क्षय आणि जनावरांचा गर्भपाताचा रोग माणसात येतो. काही पोरांना दुधाने पोट फुगतं, गुरगुरतं. त्यांना दही-ताक द्या, विरजणात तो त्रास देणारा भाग बराच कमी होतो. आणि जेवणाबरोबर पोरांना चहा नको. चहा अन्नातलं लोह बांधून ठेवतो. चहातलं दूध दुधाच्या हिशेबात धरायचं नाही, ते लबाडीचं माप आहे.

आणखी एक बोलायचं आहे, ते जरा लागेल. घरात दूध ठेवलं की ते कोणाला? पोराला दूध, पोरीला ताक. पोराला साय, पोरीला खरवड. पोरगा कुस्ती खेळणार आहे म्हणे. दहा ते चौदा वर्षांची पोरगी दोन-तीन वर्षांत झपाट्याने वाढते, हाडं याच वयात भरतात, आणि पाळी सुरू झाली की लोह जातं. हीच पोरगी पुढे लग्न होऊन बाळंत होते, आणि तिचं अडीच किलोच्या आतलं बाळ पुन्हा शंभरातल्या पस्तिसात जाऊन बसतं. चांदवडला १९८६ साली लाखावर शेतकरी बाया जमल्या होत्या, त्या वेळी जमिनीचं, कष्टाचं बोललं गेलं. धार बाई काढते, चिठ्ठी पुरुषाच्या खिशात जाते. ज्या घरात दुधाची रोख बाईच्या हातात राहते, तिथे फुलपात्र भरलेलं आम्हाला जास्त दिसतं. हे आम्ही गावोगाव हिंडून सांगतो, पुस्तकातून नाही. आणि ते फुलपात्र पोरीलाही तेवढंच भरून मिळालं पाहिजे, एका मापाने.

आता कोरडवाहूवाले विचारतील, म्हैस आहे कुठे? बरोबर. कापूस आणि ज्वारी करणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात दुधाची दोन्ही टोकं होती. ज्वारीचा कडबा आणि कापसाची सरकी. शंभर किलो कापसात चौतीस-पस्तीस किलो रुई, बाकी बहुतेक सरकी. ती आपण कापसाबरोबर जिनिंगवर देऊन येतो आणि तिचीच पेंड पोत्याने विकत आणतो. कडब्याचं तर बोलायलाच नको. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. सोयाबीनचं कुटार जनावर नाइलाजाने खातं. ज्वारीला भाव नव्हता म्हणून ज्वारी गेली, ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून गोठा रिकामा झाला, आणि पोराच्या हातात बिस्किट आलं. शेतातल्या एका पिकाचा भाव मोडला तर तो असा ताटापर्यंत पोहोचतो.

२००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज आलं. त्यात दुभत्या गाई वाटल्या. ज्या रानात चारा नाही, पाणी नाही, तिथे संकरित गाय बांधली. दिवसाला तिचं खाणं घरच्या माणसांच्या खाण्याहून महाग. कितीकांनी ती विकून टाकली. गाय वाईट नव्हती. गोठ्याआधी वैरण लागते, एवढं सोपं गणित कागद करणाऱ्यांना सुचलं नाही.

आमची शिफारस लहान आहे. पोरांपुरतं दूध हवं असेल तर आपल्या भागातलीच जनावरं बघा. नागपुरी म्हैस, वर्ध्याकडची गवळाऊ, लातूरची देवणी, नांदेडची लाल कंधारी. ही दुधाचे पूर आणत नाहीत, पण उन्हाळा काढतात. त्याहून सोपी उस्मानाबादी शेळी. अर्धा-पाऊण लिटर दिलं तरी दोन पोरांचं भागतं, आणि बांधावरच्या बाभळी-बोरीवर तिचं बरंच निभतं. गांधीजी शेळीचं दूध प्यायचे म्हणून हसू नका, सेवाग्राम कापसाच्याच मुलखात आहे. वर्ध्यातच गोरस भांडारचा गोरसपाक मिळतो, गाईच्या तुपातला. १९४१-४२ च्या सुमारास, आयुष्याच्या शेवटच्या दिवसांत, जमनालाल बजाजांनी गोसेवेचं काम तिथे हाती घेतलं होतं. आपल्या मुलखातला खाऊ आपल्याच गोठ्यातून निघू शकतो, याचा तो नमुना आहे. गोड आहे, रोज नको, पण पाहुण्यांनी बिस्किटाच्या पुड्याऐवजी तो आणला तर बिघडत नाही. ज्वारी पूर्ण सोडू नका, एक एकर तरी कडब्यासाठी ठेवा. खायला भाकर, गोठ्याला वैरण.

शेवटी सरकारशी भांडायचं ते. कर्नाटकात ऑगस्ट २०१३ पासून क्षीरभाग्य नावाची योजना आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत पोराला दीडशे मिलिलिटर दूध, आधी आठवड्यातून तीन दिवस, पुढे पाच दिवस. दूध त्यांच्या सहकारी संघाकडून पावडरच्या रूपात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतली पोरंही ते पितात. म्हणजे मराठी पोराला शाळेत दूध मिळतं ते सीमेच्या पलीकडे. गुजरातने २००६-०७ पासून आदिवासी तालुक्यांत दूध संजीवनी चालवली. आपल्याकडे काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडं देण्याचा निर्णय झाला, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं, लोकवर्गणीतून करा. आठवड्याच्या एका अंड्याला ज्या राज्याची तिजोरी पुरत नाही, त्या राज्यात पावडरीची पोती पडून असल्याची रड दर दोन-तीन वर्षांनी ऐकू येते.

दहा लाख पोरांना रोज दीडशे मिलिलिटर द्यायचं म्हटलं तर दिवसाला दीड लाख लिटर दूध लागतं. दर पडलेल्या दिवसांत एवढं दूध बाजारातून उचललं गेलं तर शेतकऱ्याच्या भावाला खाली टेकू मिळतो. आम्ही खिरापत मागत नाही. सरकारने भावाने दूध घ्यावं, त्याच तालुक्यातल्या संघाकडून किंवा बचत गटाकडून घ्यावं, मध्ये ठेकेदार घालू नये, आणि शाळेच्या भिंतीवर रोज किती लिटर आलं ते लिहावं. पाण्याची शंका आली तर लॅक्टोमीटर, पिठाची शंका आली तर आयोडीनचा थेंब, निळं झालं की पकडलं. आपण डेअरीत रोज माप देतो, शाळेत माप घ्यायलाही शिकू.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा आहे. गावातून डेअरीला रोज किती लिटर जातं, घरी किती राहतं, गेल्या बारा महिन्यांत दर कोणत्या महिन्यात काय होता, आणि गावातल्या दुकानात दिवसाला बिस्किट-पुड्यांचे किती विकले जातात. अंगणवाडीतल्या वजन-उंचीच्या नोंदी सेविकाताईंकडे मागा, त्या दाखवतात. घरी दाराच्या चौकटीवर पोरांची आणि पोरींची उंची खुणेने मांडा, तारीख टाका, दर तीन महिन्यांनी पुन्हा. मार्चअखेर सगळ्या जिल्ह्यांचे कागद एकत्र करून ते घेऊन आपण दुग्धविकास आणि शिक्षण, दोन्ही खात्यांच्या दारात जाणार आहोत. ज्या गावाचा कागद नसेल त्यांनी बैठकीत भावावर बोलू नये.